भांडुपचा ताम्रपट आणि वाचणाऱ्यांची परंपरा

शके ९४८ मध्ये, म्हणजे इसवी सन १०२६ साली, उत्तर कोंकणच्या शिलाहार घराण्यातील छित्तराज या राजाने श्रीस्थानकाच्या, म्हणजे ठाण्याच्या, अंमलाखालील षट्षष्टी विषयातल्या नौर नावाच्या गावातील एक शेत एका ब्राह्मणास दान दिले आणि त्या दानाची सनद तांब्याच्या पत्र्यांवर कोरवून त्याच्या स्वाधीन केली. षट्षष्टी म्हणजे आपली साष्टी. नौर म्हणजे, अभ्यासकांच्या मते, भांडुप आणि मुलुंड यांच्या मधोमध असलेले आजचे नाहूर. सुमारे आठशे वर्षे भूमीच्या उदरात राहिलेली ही सनद एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भांडुपजवळ सापडली, आणि तेव्हापासून भारतीय पुराभिलेखांच्या वाङ्मयात ती 'भांडुपचा ताम्रपट' या नावाने ओळखली जाते. उपनगरी गाडीच्या एका साध्या स्थानकाचे नाव अशा रीतीने युरोपातील आणि भारतातील विद्वानांच्या ग्रंथांत दीडशे वर्षांहून अधिक काळ छापले जात आहे, आणि त्याच स्थानकावर रोज उतरणाऱ्या लक्षावधी माणसांना त्याची वार्ताही नाही, ही गोष्ट मला मनापासून खटकते.

त्या पत्र्यांवर काय आहे? प्रारंभी राजाच्या पूर्वजांची प्रशस्ती, जीमूतवाहनाच्या कुळात जन्मल्याचा अभिमान आणि चौदाशे गावांच्या कोंकणावरील स्वामित्वाची घोषणा. त्यानंतर कारभाऱ्यांची नावे येतात: सर्वाधिकारी नागणैय, संधिविग्रहिक सीहपैय आणि कर्नाटकाच्या संधिविग्रहाचा स्वतंत्र अधिकारी कपर्दी. ठाण्यात बसून राज्य करणाऱ्या राजाला कर्नाटकाशी होणाऱ्या तह-विग्रहांसाठी वेगळा मंत्री नेमावा लागत होता, आणि त्याच्या इतर मंत्र्यांच्या नावांची अखेर कानडी वळणाच्या 'ऐय'ने होत होती, एवढ्यावरूनच अकराव्या शतकातील कोंकणाच्या राजकारणाचे तोंड कोणत्या दिशेला होते ते स्पष्ट होते. शेवटी दिलेल्या शेताच्या चतुःसीमेचा मजकूर आहे. वाचकाने थांबावे ते येथे. कारण या चतुःसीमेत गोंवणी गावाच्या पश्चिमेकडून जाणाऱ्या एका राजपथाचा उल्लेख आहे, आणि एकोणिसाव्या शतकातील ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरकारांनी नोंदवून ठेवले आहे की तो राजपथ मुंबईहून ठाण्याकडे जाणाऱ्या सडकेच्या जवळजवळ त्याच रेषेने जात होता. ही सडक म्हणजे जुना आग्रा रोड, आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग. ज्या रस्त्यावर आपण वाहनांच्या रांगेत तासन् तास खोळंबतो, त्या रस्त्याला हजार वर्षांपूर्वीचा लेखी पुरावा आहे, आणि तो पुरावा एका शेताची हद्द सांगता सांगता, अगदी अनायासे, आपल्यापर्यंत येऊन पोहोचला आहे.

प्राचीन लेखांच्या वाचनाचा विषय निघाला की सुशिक्षित मराठी माणसाला इजिप्तमधील रोझेटा शिला आठवते, शाँपोल्यों आठवतो, फार तर क्रीट बेटावरील मातीच्या पाट्या आठवतात. पूर्व भूमध्य समुद्राच्या काठावरील लिप्या उलगडण्याची ती कथा खरोखरच मानवी बुद्धीच्या थोर कथांपैकी एक आहे, आणि तिच्याविषयी माझ्या मनात निस्सीम आदर आहे. परंतु त्या कथेत जे एक तत्त्व पुनःपुन्हा प्रत्ययास येते, ते आपल्या साष्टीच्या मातीलाही तितकेच लागू पडते. ते तत्त्व असे की लिपीची कुलुपे नावांच्या किल्ल्यांनी उघडतात. शाँपोल्योंने १८२२ साली चित्रलिपीचा जो छडा लावला तो लंबवर्तुळाकार चौकटीत कोरलेल्या टॉलेमी आणि क्लिओपात्रा या राजनामांच्या आधारे. सायप्रसच्या जुन्या अक्षरमालेचा उलगडा त्यानंतर अर्धशतकाने जॉर्ज स्मिथने केला, तो फिनिशियन आणि सायप्रसची लिपी अशा दोन लिप्यांत कोरलेल्या लेखाच्या साह्याने. आणि १९५२ साली मायकेल व्हेन्ट्रिसने क्रीटमधील ज्या 'रेखालिपी ब'चे रहस्य भेदले, तिच्या बाबतीत तर द्विभाषिक लेखाचा आधारही उपलब्ध नव्हता. तेथे त्याच्या उपयोगी पडली ती क्नोसस आणि आम्निसस यांसारखी गावांची नावे, कारण राज्ये बुडाली आणि भाषांची रूपे पालटली तरी गावांची नावे माणसे सहसा सोडत नाहीत.

व्हेन्ट्रिसच्या यशामागे ॲलिस कोबर या अमेरिकन प्राध्यापिकेचे जे श्रम होते त्यांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. ब्रुकलिनच्या महाविद्यालयातील अध्यापनाचा भार वाहून उरलेल्या वेळात, कागदाच्या तुटवड्याच्या काळात मिळेल त्या कागदाचे तुकडे कापून, त्यांवर चिन्हांच्या नोंदी करून, त्या तिने सिगारेटच्या रिकाम्या खोक्यांत लावून ठेवल्या. ही लिपी कोणत्या भाषेची आहे याविषयी तर्क लढवण्यास तिने निश्चयाने नकार दिला, आणि केवळ चिन्हांच्या पुनरावृत्तीवरून या भाषेतील शब्दांना विभक्तीसारखे विकार होतात हे सिद्ध करून दाखवले. १९५० साली, उलगडा होण्याच्या केवळ दोन वर्षे आधी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ती निवर्तली. आणि एवढ्या तपश्चर्येनंतर त्या पाट्यांतून निघाले काय? मेंढ्यांची मोजदाद, तेलाचे वाटप, लोकर, धान्य आणि रथांची चाके. महाकाव्य नव्हे, जमाखर्च! काहींना त्याची निराशा वाटली असेल, मला वाटत नाही. जमाखर्चाच्या नोंदी, सीमांच्या याद्या, दात्यांची नावे या शुष्क वाटणाऱ्या गोष्टींतच पुनरावृत्ती असते, आणि पुनरावृत्तीवाचून कोणतीही अज्ञात लिपी वाचता येत नाही. आपल्याकडे कलकत्त्याच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप यालाही ब्राह्मीचा अखेरचा धागा १८३७ साली सापडला तो सांचीच्या कठड्यांवरील लहान लहान लेखांच्या शेवटी येणाऱ्या 'दानं' या एकाच शब्दाच्या आवृत्तीवरून.

आता भांडुपच्या पश्चिमेकडील डोंगराच्या पलीकडे जाऊ. कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेण्यांत ब्राह्मीतील दानलेख आहेत, ज्यांत कल्याणचे, सोपाऱ्याचे, नाशिकचे, चौलचे दाते आपापल्या गावांसह उभे आहेत. शोभना गोखले यांनी या लेखांचा संग्रह १९९१ साली सिद्ध केला. तथापि येथील एका लेण्यात याहून अनपेक्षित असे काही आहे. तेथे पहलवी लिपीत कोरलेले लेख आहेत. पारशी लोकांनी, लेणी पाहावयास आले असता, आपली व आपल्या पित्यांची नावे यज्दगर्दी शकातील दिनांकासह कोरून ठेवली आहेत. त्यांतील दोन लेख इसवी सन १००९ चे, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर महिन्यांतले, आणि एक १०२१ चा आहे. म्हणजे भांडुपच्या ताम्रपटाच्या आधी केवळ पाच वर्षे! पहलवी लिपी ही अरामी लिपीची कन्या, आणि अरामी ही भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील फिनिशियन अक्षरमालेची संतती. शिवाय पहलवी लेखकांची एक विलक्षण रीत अशी की पुष्कळसे शब्द ते अरामी भाषेतले लिहीत आणि वाचताना त्यांच्या जागी इराणी शब्द उच्चारत. सिरिया-लेबनॉनच्या किनाऱ्यावर जन्मलेली अक्षरे इराणच्या मार्गाने समुद्र ओलांडून साष्टीच्या बौद्ध लेण्यात येऊन बसली आणि तीही शिलाहारांच्या शैव राज्यात, ही घटना कोणत्याही कादंबरीकाराच्या कल्पनेस लाजवील अशी आहे.

हे पहलवी लेख वाचले कोणी, हेही भांडुपकरांनी जाणून घेण्यासारखे आहे. एडवर्ड विल्यम वेस्ट हा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा इंजिनियर, पुढे मुख्य इंजिनियर झालेला. लोहमार्गाच्या चाकरीत असतानाच त्याने कान्हेरीच्या लेखांच्या नकला १८६१ साली मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केल्या, पहलवीचे अध्ययन केले, आणि १८८० साली 'इंडियन अँटिक्वरी'त या लेखांचे वाचन छापले. पारशी धर्मग्रंथांचा भाषांतरकार म्हणून पुढे त्याची कीर्ती झाली. याच रेल्वेची मूळ कल्पना मुंबई सरकारचा मुख्य इंजिनियर जॉर्ज क्लार्क यास १८४३ साली भांडुपच्या भेटीत सुचली असे रेल्वेचा इतिहास सांगतो. ते काहीही असो. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की प्रिन्सेप टांकसाळीतला, वेस्ट रेल्वेतला, जॉर्ज स्मिथ नोटांच्या ठशांचे कोरीवकाम करणारा, व्हेन्ट्रिस वास्तुशिल्पी, भाऊ दाजी लाड वैद्यक करणारे. ज्यांनी सोपाऱ्याचा अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा १८८२ साली उजेडात आणला ते पंडित भगवानलाल इंद्रजी तर कोणत्याही विद्यापीठाची पायरी न चढलेले. लिपींच्या वाचनाचे क्षेत्र हे पदवीधरांच्या मक्त्याचे कधीच नव्हते.

भूमध्य समुद्राशी महाराष्ट्राचा लेखी संबंध पहलवीहून पुष्कळ जुना आहे. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांच्यावर राजाच्या मुखाभोवती ग्रीक अक्षरे आहेत, परंतु त्या अक्षरांत लिहिलेली भाषा प्राकृत आहे. हे रेव्हरंड स्कॉट यांनी ओळखले तेव्हाच तो गचाळ वाटणारा मजकूर अर्थपूर्ण झाला. तगराचे प्रकरण मात्र माझ्या दृष्टीने याहूनही बोधप्रद आहे. इजिप्तमधील एका अज्ञात ग्रीक व्यापाऱ्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांचे जे मार्गदर्शक टिपण लिहिले, त्यात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे नगर असल्याचे नमूद आहे. इकडे शिलाहार राजे आपल्या बिरुदावलीत स्वतःस 'तगरपुरपरमेश्वर' म्हणवून घेतात. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात पायासाठी खणताना अरिकेसरी राजाचा शके ९३९ चा ताम्रपट सापडला, रामलोचन पंडितांनी त्याचा अर्थ लावला आणि जनरल कार्नॅकच्या द्वारे तो 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्याच खंडात छापून आला, तेव्हापासून ग्रीक टिपणातील तगर आणि शिलाहारांचे तगर ही दोन्ही एकच काय, आणि ते नगर कोठे, हा वाद विद्वानांत चालू राहिला. कोणी दौलताबाद म्हटले, कोणी जुन्नर म्हटले. शेवटी १९०१ साली पुराभिलेखतज्ज्ञ फ्लीटने तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर असे साधार दाखवले, आणि तेरच्या भूमीतून निघालेल्या, रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जपलेल्या वस्तूंनी त्याला दुजोरा दिला. अलेक्झांड्रियाच्या बाजूने आलेला एक कागद, ठाण्याच्या मातीतून आलेले तांबे आणि मराठवाड्यातील एका खेड्याचे न बदललेले नाव, या तिहींच्या भेटीतून हा निर्णय झाला. तेरचे नाव मध्यंतरी कोणी बदलून टाकले असते तर?

वाचनाचे काम एकदा झाले म्हणजे संपले, असेही मानता येत नाही. अंबरनाथच्या देवळातील लेखाचा शक भाऊ दाजींसारख्या व्यासंगी पंडिताने ७८२ असा वाचला होता. भगवानलालांनी तो ९८२ असा लावला, आणि एका अंकाच्या वाचनाने ते देऊळ दोनशे वर्षे अलीकडे येऊन छित्तराजाचा भाऊ माम्वाणि याच्या काळात आपल्या योग्य जागी बसले. शिलाहारांच्या लेखांत येणाऱ्या 'हंयमन' या नगरनामाचा अर्थ संजाण असा कोणी घेतात, तर कोणी तेथे पारश्यांच्या अंजुमनाचा, म्हणजे सभेचा, उल्लेख पाहतात. हा वाद अद्याप पुरता मिटलेला नाही, आणि ज्यांच्या नावांच्या याद्या कान्हेरीच्या भिंतीवर आहेत त्यांच्या इतिहासाचा मोठा भाग त्याच्या निर्णयावर अवलंबून आहे. भांडुपच्या ताम्रपटाचेही तसेच. तो प्रथम मुंबई सरकारचे सेक्रेटरी वॉथेन यांनी प्रसिद्ध केला, १८७६ साली संस्कृतपंडित ब्यूलर यांनी पुन्हा संपादित केला, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे सगळे लेख एकत्र आणणाऱ्या आपल्या ग्रंथात त्याला स्थान दिले. मिराशींनी हा सर्व व्याप मराठीतही आणला, हे त्यांचे आपल्यावरचे मोठे उपकार. पण मिराशी १९८५ साली गेले. त्यांच्यानंतर तो ताम्रपट वाचू शकणारी, म्हणजे अकराव्या शतकातील नागरी अक्षरे ओळखून त्यातील संस्कृताचा आणि गावांच्या नावांचा मेळ स्वतः घालू शकणारी माणसे भांडुप, नाहूर, कांजूर, विक्रोळी, मुलुंड या साऱ्या टापूत शोधून किती सापडतील?

माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते मी आग्रहाने मांडतो. लिपी वाचणे ही एकदा पूर्ण होऊन कपाटात ठेवण्याची कामगिरी नाही. तिला प्रत्येक पिढीत वाचणारे लागतात, आणि त्यांतले निदान काही जण, लेख ज्या मातीतून निघाले त्या मातीवर राहणारे असावे लागतात, कारण सीमा, ओढा, पाझर, पाखाडी, पाडा यांचे ज्ञान ग्रंथालयात मिळत नाही. ब्यूलरना संस्कृत आमच्या कोणाहीपेक्षा अधिक येत होते, पण गोंवणीची शीव कोठून कोठे जात होती हे त्यांना येथल्या शेतकऱ्यासच विचारावे लागले असते. आज तो शेतकरी राहिला नाही. त्याच्या शेतावर प्रथम कारखाने आले, मग चाळी आल्या, आता मनोरे उभे राहत आहेत, आणि मनोऱ्यांना जी विलायती नावे ठेवली जातात त्यांखाली मौज्यांची आणि पाड्यांची नावे हळूहळू पुसली जात आहेत. नगरभूमापनाच्या कागदांत ती नावे अजून आहेत. तेथून ती काढली जाऊ नयेत, उलट रस्त्यांच्या आणि बस थांब्यांच्या पाट्यांवर आणली जावीत. कोणत्याही नेत्याच्या नावाला माझा विरोध नाही, पण ज्या नावास हजार वर्षांचा ताम्रपट साक्षीदार आहे ते नाव बदलण्याचा अधिकार कोणत्याही ठरावाला असू नये.

लिपी विसरावयास हजार वर्षे लागतात असे कोणी समजू नये. मोडीचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या पिढीतील कुलकर्ण्यांपासून सराफांपर्यंत सर्वांच्या हातात खेळणारी ही लिपी छापखान्यांनी आणि शाळांनी बाळबोधीस सर्वस्व दिल्यावर दोन-तीन पिढ्यांत अशी लोपली की २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभर जुनी दफ्तरे उघडण्यात आली तेव्हा मोडी वाचणारे मिळवताना कचेऱ्यांची तारांबळ उडाली. कुटुंबांच्या हक्कांचा पुरावा रुमालांत बांधलेला होता, लिपी परकी नव्हती, भाषा तर मराठीच होती, आणि तरीही वारसांना तो वाचता येत नव्हता. 'रेखालिपी ब' विसरली जाण्यास राजवाडे जळावे लागले. आपल्याकडे काहीही जळाले नव्हते.

म्हणून मागणी करावयाची ती फार खर्चाची नाही. पुराभिलेख संचालनालय मोडीचे अल्पमुदतीचे वर्ग चालवते. तसाच एक वर्ग, मोडीबरोबर ब्राह्मीचा आणि शिलाहारकालीन नागरीचा परिचय जोडून, महानगरपालिकेच्या एस विभागात, म्हणजे भांडुपच्या परिसरात, दर वर्षी भरावा. त्याला विद्यार्थ्यांप्रमाणेच निवृत्त रेल्वे कामगार, गिरणी-कारखान्यांतले कारागीर, नकाशे काढणारे आरेखक यांनाही प्रवेश असावा, आणि येथे अशी नजर तयार असलेल्या माणसांची वाण नाही. ठसा घेण्याचे काम, म्हणजे ओला कागद दगडावर कुंच्याने ठोकून अक्षरांत बसवणे, तो किंचित वाळल्यावर शाईची गादी हलक्या हाताने फिरवणे आणि पांढरी उमटलेली अक्षरे सावकाश सोडवून घेणे, हे पोथीतून शिकता येत नाही, पण कारागिराच्या हाताला ते चटकन साधते. दुसरे असे की पुनर्विकासासाठी खोदकाम चालू असता कोरीव दगड किंवा तांब्याचा पत्रा निघाला, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या अशा वस्तूची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. हा कायदा ठेकेदाराला आणि मुकादमाला ठाऊक नसतो. बांधकामाच्या परवान्यासोबत त्याची एक पानाची मराठी समज द्यावी, आणि वस्तू हलवण्यापूर्वी ती नेमकी कोणत्या जागी, किती खोलीवर होती याचा पंचनामा व्हावा, कारण जागेवाचून लेखाची निम्मी साक्ष गळून पडते. येथे शोधण्यासारखे काही उरले नाही असे कोणी म्हणेल, तर त्यास सांगावे की शेजारच्या विहार येथेच अनंतदेवाचा शके १००३ चा शिलालेख मिळाला, आणि सोपाऱ्याजवळ भुईगाव येथे अशोकाच्या नवव्या शासनाचा तुकडा १९५६ साली, म्हणजे भगवानलालांच्या शोधानंतर तब्बल चौऱ्याहत्तर वर्षांनी हाती आला.

आणि या वर्गाचे पहिले पाठ्यपुस्तक शोधण्यासाठी कोणास दूर जावयास नको. मिराशींच्या ग्रंथातून भांडुपच्या ताम्रपटाचे संस्कृत वाचन घ्यावे, त्याच्या ठशाचे छायाचित्र मोठे करून छापावे, शेजारी मराठी अर्थ द्यावा, सोबत नाहूर ते भांडुप या टापूचा जुना भूमापन नकाशा जोडावा, आणि विद्यार्थ्यांना पहिलेच काम सांगावे ते चतुःसीमा स्वतः पायी फिरून नकाशावर आखण्याचे. गोरपवल्ली नावाचे जे एक गाव त्या सीमेत आले आहे त्याचे स्थान निश्चित करण्याची संधी अजून कोणालाही घेता येईल.